पाण्याची वाट : लहान नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाची वाहने आणि साधने

लहान गावाच्या अग्निशमन दलाचा विचार करताना सर्वांत आधी नजरेत भरतो तो लाल बंब, आणि बहुतेक वेळा विचार तेथेच थांबतो. गावाला बंब आला म्हणजे आगीची सोय झाली, अशी नगरपरिषदेच्या सभेतील ठरावापासून नाक्यावरच्या गप्पांपर्यंत सर्वत्र समजूत असते. वस्तुतः बंब हा एका लांब वाटेवरील एक टप्पा आहे. पाणी जेथे साठलेले असते तेथून निघून ते आगीच्या बुडाशी पडेपर्यंतच्या या वाटेवर टाक्या, पंप, नळ्या, सांधे, रबरी वॉशर, गाळण्या, तोट्या आणि शेवटी माणसांचे हात येतात, आणि यांपैकी एखादी किरकोळ वस्तू ऐनवेळी दगा देते तेव्हा लाखो रुपयांचे वाहन आगीपासून हाकेच्या अंतरावर नुसतेच उभे राहते. म्हणूनच लहान दलाची साधने समजून घ्यायची तर वाहनांच्या किमतीच्या किंवा आकाराच्या क्रमाने न जाता पाण्याच्या वाटेने जाणे अधिक योग्य ठरते, आणि प्रस्तुत विवेचनात तोच क्रम पाळला आहे.

या विषयाची कायदेशीर चौकट थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे आग विझवणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पुढे संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवेचा समावेश झाला, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने इमारतमालकांवरही निश्चित जबाबदारी टाकली. मुंबईसारख्या शहरात पूर्णवेळ अग्निशमन दलाची परंपरा १८८७ पासूनची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत त्या दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तालुक्याच्या गावांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे बहुधा एक शेड, एक मोठा बंब, जमल्यास एक लहान गाडी आणि पाळ्यांमध्ये वाटलेली मोजकी माणसे एवढाच संसार असतो. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने दर ५०,००० लोकसंख्येमागे एक पंपिंग वाहन असे प्रमाण सुचवले आहे, त्यामुळे तीस-चाळीस हजार वस्तीच्या गावाला कागदावर एकच वाहन पुरेसे ठरते. ते वाहन दुरुस्तीला गेले, किंवा दुसऱ्या गावाच्या मदतीला गेले, तर त्या काळात गावात आग लागू नये एवढीच आशा उरते. लहान दलाची प्रत्येक अडचण या एकुलतेपणातून उगवते.

मोठा बंब, ज्याला शासकीय भाषेत ‘वॉटर टेंडर’ म्हणतात, तो सामान्यतः मालवाहू ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेला असतो. सांगाडा एका कंपनीचा, वरची बांधणी दुसऱ्या कारखान्याची आणि पंप तिसऱ्याच उत्पादकाचा अशी त्याची घडण असते, आणि पुढे दुरुस्तीची वेळ आली की दलाला या तिघांच्याही दारात जावे लागते. साधारण साडेचार हजार लिटर पाण्याची टाकी धरली तर केवळ पाण्याचे वजन साडेचार टन होते. हे पाणी वळणावर आणि ब्रेक लावताना एकदम एका बाजूला उसळू नये म्हणून टाकीच्या आत छिद्रे असलेल्या आडव्या-उभ्या पट्ट्या बसवतात. त्या गंजून सुटल्या तर भरधाव बंब वळणावर कलंडण्याचा धोका असतो. मालवाहू ट्रक कधी भरलेला तर कधी रिकामा धावतो. बंब मात्र दिवसरात्र भरलेलाच उभा असतो, त्यामुळे त्याचे पाटे, टायर आणि टाकीचा तळ न धावताही झिजत राहतात. पंपाला स्वतंत्र इंजिन नसते. गाडीच्या गिअरपेटीतून शक्ती काढून घेणारी एक जोडणी असते, तिला चालक मंडळी ‘पीटीओ’ म्हणतात, आणि गाडी उभी करून ती जोडली की चाकांकडे जाणारी ताकद पंपाकडे वळते. याचा सरळ अर्थ असा की आगीच्या ठिकाणी बंबाचे इंजिन बंद पडले तर पाणीही बंद पडते, आणि तोटी धरून आत शिरलेल्या माणसाच्या हातातील नळी क्षणात लुळी पडते.

पाण्याच्या हिशोबाकडे या विषयात पुरेसे लक्ष दिले जात नाही, म्हणून तो येथे जरा सविस्तर मांडणे आवश्यक आहे. होजच्या टोकाला जी धातूची नळी असते तिला ब्रँच म्हणतात, आणि तिच्या तोंडाला बसवलेली निमुळती तोटी म्हणजे नोझल. २० मिलिमीटर व्यासाच्या नोझलमधून ७ बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सातपट दाबाने, पाणी सोडले तर मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी बाहेर पडते. साडेचार हजार लिटरची टाकी या वेगाने साडेसहा मिनिटांच्या आत संपते. त्याच वेळी ब्रँच धरणाऱ्याला मागे ढकलणारा जोर सुमारे ४५ किलोच्या वजनाइतका असतो, म्हणून तेथे दोन माणसे लागतात, आणि तीन-चार जणांच्या पाळीत दोन माणसे एका ब्रँचला गुंतली की उरलेल्यांत पंप कोणी पाहायचा आणि होज कोणी वाढवायचे हा प्रश्न उभा राहतो. याउलट बंबाच्या मागील बाजूला चाकावर गुंडाळलेली बारीक रबरी नळी, म्हणजे होज रील, उच्च दाबाने पाण्याचे बारीक तुषार करून मिनिटाला साधारण शंभर लिटरच्या आसपास खर्च करते. एकटा माणूस ती हाताळू शकतो आणि तेच पाणी पाऊण तास पुरते. पाणी आगीतील उष्णता सर्वांत जास्त शोषते ते वाफ होताना, आणि वाफ झालेले पाणी मूळ आकारमानाच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापून आगीजवळची हवाही हटवते. थेंब जितका लहान तितकी त्याची वाफ लवकर होते, तर जाड धार भिंतीवर आपटून बरेचसे पाणी गटारात घालवते. घराच्या एका खोलीला लागलेली आग, दुकान, वाहन, रोहित्र यांसारख्या नेहमीच्या प्रसंगांत होज रील पुरेशी असते. पेटलेले गोदाम किंवा लाकडाची वखार असेल तर मात्र तुषार आगीच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातात, आणि तेथे जाड धारेला पर्याय नसतो. कोणत्या क्षणी रील सोडून ब्रँच धरायची, हा निर्णय लहान दलात पाळीप्रमुखाला एका टाकीच्या भरवशावर घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर दुसरी टाकी येईपर्यंत हाती काही उरत नाही.

ही दुसरी टाकी येते कोठून, येथे या विषयाचा खरा गाभा आहे. मोठ्या शहरात रस्त्याकडेला हायड्रंट, म्हणजे दाबाखालील जलवाहिनीला जोडलेली झडप, असावी अशी अपेक्षा असते. तालुक्याच्या गावात ती क्वचितच आढळते, आणि दिवसाआड पाणी सोडणाऱ्या गावातील वाहिनी बहुतेक वेळ कोरडीच असते. त्यामुळे बंब नगरपरिषदेच्या जलकुंभाखालील भरण्याच्या जागी परत जातो, किंवा जवळची विहीर, ओढा, कालवा, बंधारा गाठून स्वतःच पाणी उचलतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आठवले तर अशा काळात आगीसाठी पाणी राखून ठेवणे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही, हे सहज लक्षात येईल.

विहिरीतून पाणी उचलण्याच्या कामाला दलात ‘सक्शन लावणे’ म्हणतात, आणि कोणत्याही दलाची तयारी पारखायची तर हे एकच काम पाहावे. बंबाच्या छतावर किंवा कुशीत ज्या जाड, ताठ नळ्या बांधलेल्या दिसतात त्या सक्शन होज होत. साधा होज रिकामा असताना पट्टीसारखा चपटा होतो. सक्शन होज आतून हवा काढली तरी चपटा होऊ नये म्हणून त्याच्या अंगात तारेचे वेटोळे घातलेले असते. या नळ्या आट्यांच्या सांध्यांनी एकमेकींना जोडून पान्याने आवळतात, टोकाला कचरा अडवणारी गाळणी बसवतात, आणि गाळणीला दोर बांधून ती पाण्यात सोडतात. केंद्रोत्सारी पंप, म्हणजे फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा पंप, हवा उपसू शकत नाही, म्हणून आधी प्रायमर नावाची उपयंत्रणा नळीतील हवा काढून घेते, निर्वातमापकाची सुई हळूहळू मागे सरकते, नळी जड होऊन थरथरते, आणि दाबमापकाची सुई हलली की पाणी पंपात आल्याचे कळते. त्यानंतरही बाहेरची झडप हळूहळूच उघडावी लागते. घाईने उघडली की पाण्याचा स्तंभ तुटतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. सुई हललीच नाही, तर बहुधा महागड्या पंपात बिघाड झालेला नसतो. उन्हात कडक झालेल्या एखाद्या वॉशरमधून हवा आत शिरत असते, किंवा गाळणी पुरेशी बुडालेली नसते आणि पाण्यावर भोवरा होऊन हवा ओढली जात असते.

या कामाला निसर्गाने घातलेली एक मर्यादा आहे आणि ती कोणत्याही खरेदीने ओलांडता येत नाही. पंप पाणी ओढतो असे म्हटले जात असले तरी प्रत्यक्षात बाहेरच्या हवेचा दाब ते नळीत वर ढकलत असतो, आणि समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १०.३ मीटर चढवू शकतो. घर्षण व गळती धरता व्यवहारात सात-साडेसात मीटरची उंची ही चांगली मानली जाते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात हवाच विरळ असल्याने सैद्धांतिक मर्यादाही नऊ मीटरच्या आत येते. मराठवाड्यातील किंवा खानदेशातील विहिरीत एप्रिल-मे महिन्यात पाणी बारा-पंधरा मीटर खाली गेलेले असते, आणि अशा काठोकाठ बांधलेल्या विहिरीच्या कडेला उभा असलेला कितीही शक्तिशाली बंब तिच्यातून थेंबभरही पाणी उचलू शकत नाही. तेथे उपयोगी पडतो तो पाण्यावर तरंगणारा छोटा पंप किंवा दोन माणसांनी उचलून खाली नेता येणारा सुटा पंप, कारण तो खालून पाणी वर ढकलतो आणि ढकलण्याला ही मर्यादा नाही. दुष्काळी भागातील नगरपरिषदेने खरेदीची यादी करताना दुसऱ्या मोठ्या बंबाआधी असा पंप मागितला पाहिजे, असे ठामपणे म्हणता येते.

पंपातून निघालेले पाणी आगीपर्यंत नेतात ते डिलिव्हरी होज. त्यांचा प्रचलित व्यास ६३ मिलिमीटर असतो आणि लांबी १५ किंवा ३० मीटर. जुन्या पेठेच्या तोंडाशी बंब अडला आणि आग शंभर मीटर आत असली तर पंधरा मीटरचे सात होज जोडावे लागतात. पाणी भरल्यावर अशा एका होजमध्ये सुमारे ४७ लिटर पाणी मावते, म्हणजे सातही होज भरेपर्यंत सव्वातीनशे लिटर वाटेतच खर्ची पडतात आणि भरलेली ओळ एका माणसाला हलवता येत नाही. म्हणून पाणी सोडण्याआधी होज कोठून न्यायचा, हे ठरलेले असावे लागते. नळीतील घर्षणाने दाब घटतो, आणि पाण्याचा वेग दुप्पट केला तर ही घट जवळजवळ चौपट होते. पंपावर उभ्या असलेल्या चालकाला आग दिसत नसते. होज किती जोडले आहेत आणि ब्रँच किती मजले वर गेली आहे, एवढ्यावरून त्याला दाब ठरवावा लागतो, कारण दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब कमी होतो.

दोन होज जोडणारा सांधा, म्हणजे कपलिंग, दिसायला अगदी साधा असतो. एका टोकाचा नर भाग दुसऱ्या टोकाच्या मादी भागात दाबला की खटका बसतो, आणि दोन्ही बाजूंचे खटके ओढले की सुटतो. आटे फिरवण्यात वेळ जात नाही आणि अंधारात, हातमोजे घातलेल्या हातांनीही तो जोडता येतो. भारतीय मानक ९०३ ने या सांध्याची मापे ठरवून दिली आहेत, आणि त्याचे महत्त्व लहान दलाइतके कोणालाच नसेल. १९०४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली तेव्हा शेजारच्या शहरांतून धावून आलेल्या दलांपैकी अनेकांचे होज तेथील हायड्रंटला बसले नाहीत, आणि शहराचा मध्यभाग जळत असताना ती मदत बऱ्याच अंशी वाया गेली. तालुक्याच्या दलाला मोठ्या आगीत शेजारची नगरपरिषद, साखर कारखाना आणि औद्योगिक वसाहतीचे दल यांच्याकडूनच मदत मिळते. चौघांचे होज एकमेकांना जोडले जातात ते या प्रमाणित सांध्यामुळे, आणि तरीही एखाद्या स्वस्त खरेदीत मापाबाहेरचे कपलिंग आले तर ते कळते फक्त सरावात किंवा प्रत्यक्ष आगीत.

गावाच्या साधनांवर त्या गावाच्या धंद्याचा ठसा उमटलेला असावा लागतो. विदर्भात आणि खानदेशात जिनिंगमध्ये रचलेल्या कापसाच्या गाठी वरून विझल्यासारख्या दिसल्या तरी आत धुमसत राहतात; दाबलेल्या कापसात पाणी सहज शिरत नाही, म्हणून तेथे लांब दांड्याचे आकडे, गाठी फोडण्यासाठी यंत्र आणि तासन्‌तास पुरेल असे पाणी लागते. पश्चिम महाराष्ट्रात पेटलेल्या उसाच्या फडापर्यंत मोठा बंब पोहोचतच नाही, कारण बांधावरून जाणारी वाट अरुंद असते आणि काळ्या मातीत चाक रुतले की बंबच अडकून पडतो. तेथे हलक्या सांगाड्यावरची लहान गाडी आणि हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपणारी माणसे यांचाच आधार असतो. साखर कारखान्याला जोडून मद्यार्काचा प्रकल्प असेल तर प्रश्न आणखी बदलतो. तेलाच्या आगीवर पाण्यात तीन किंवा सहा टक्के द्रावण मिसळून केलेला फेस पसरवतात, जेणेकरून तेलाचा हवेशी संबंध तुटावा. परंतु मद्यार्क पाण्यात विरघळत असल्यामुळे तो साध्या फेसातील पाणी ओढून घेतो आणि फेसाचा थर मोडतो. त्यासाठी मद्यार्काला टिकणारे वेगळे द्रावण लागते, आणि ते ड्रमांमध्ये मुदत संपेपर्यंत तसेच पडून राहिलेले नाही ना, हेही कोणीतरी पाहावे लागते.

आगीत माणसे दगावतात ती ज्वाळांपेक्षा धुराने अधिक. भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत दहा अर्भके मृत्युमुखी पडली, आणि त्या मृत्यूंमागे भाजण्याबरोबरच गुदमरणे हेही कारण होते. धुराने भरलेल्या खोलीत शिरण्यासाठी जवानाला स्वतःची हवा सोबत न्यावी लागते, आणि ती देणारे साधन म्हणजे बीए सेट, पाठीवरच्या सिलिंडरातून मुखवट्यात शुद्ध हवा पुरवणारे श्वसनयंत्र. सहा लिटरच्या सिलिंडरात ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला चाळीस लिटर किंवा त्याहून अधिक हवा घेतो, म्हणजे जास्तीत जास्त पाऊण तास, आणि हवा कमी झाल्याची शिटी वाजू लागल्यावर त्याने काम टाकून बाहेर पडायचे असते. आत जाणारे नेहमी दोघे असावेत आणि बाहेर त्यांच्या वेळेची नोंद ठेवणारा तिसरा असावा, हा नियम तीन-चार जणांच्या पाळीत पाळणे किती कठीण आहे हे उघड आहे. सेट असूनही रिकामे सिलिंडर भरण्याचा कॉम्प्रेसर जिल्ह्याच्या ठिकाणीच असेल तर ते सराव न होता कपाटात राहतात, आणि मुखवट्याची सवय नसलेला माणूस खऱ्या धुरात काही मिनिटांतच तो ओढून काढतो. अग्निशमनाच्या साधनांत जिवाशी इतका थेट संबंध असलेले आणि तरीही लहान गावांत इतके दुर्लक्षित दुसरे साधन सापडणार नाही.

आगीखेरीजच्या कामांची साधने, म्हणजे दोर, शिड्या, अपघातग्रस्त मोटारीचा पत्रा फाकवणारी व कापणारी हायड्रॉलिक अवजारे, झाडे कापण्याची यंत्रकरवत, जीवरक्षक जाकिटे आणि हवेने फुगवायची रबरी बोट, यांचा विस्तार मोठा असला तरी त्यांची निवड गावाच्या भूगोलावरून जवळजवळ आपोआप ठरते. महामार्गावरील गावाला कटर आधी लागतो, आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना बोट.

देखभालीचा प्रश्न मात्र सर्व गावांना सारखाच भेडसावतो. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली, आणि नगरपरिषदांच्या जुन्या बंबांपुढेही हा प्रश्न आला. बंबाचे वय ठरवताना किलोमीटरचा आकडा फसवा असतो, कारण गावातल्या गावात फिरणारा बंब पंधरा वर्षांतही फार अंतर कापत नाही, पण एका जागी उभे राहून तासन्‌तास पंप चालवताना त्याचे इंजिन झिजतच असते. म्हणून पंपाच्या तासांची वेगळी नोंदवही असणे अत्यावश्यक आहे. उलट सांगाडा निकामी ठरला तरी त्यावरील पंप, शिड्या आणि सांधे अनेकदा उत्तम स्थितीत असतात, आणि ते उतरवून जपून ठेवले तर सुटा पंपसंच म्हणून वा सरावासाठी वापरता येतात. रोजच्या पाळीच्या सुरुवातीला इंजिन चालू करून पाहणे, टाकीची पातळी बघणे, बॅटरी व हवेचा दाब तपासणे, वापरलेले होज धुऊन टांगून वाळवणे आणि पुढच्या वेळी घडी दुसऱ्या जागी घालणे, म्हणजे एकाच दुमडीवर होज चिरत नाही, ही कामे कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. ती करणारा फायरमन राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम पूर्ण केलेला असावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ठेकेदारामार्फत घेतलेल्या माणसांवर भार असतो, आणि ठेका बदलला की पंपाची सवय झालेला हातही बदलतो. राज्याच्या अग्निसुरक्षा अभियानातून वाहनासाठी अनुदान मिळू शकते. ते वाहन चालवणाऱ्या आणि पंप हाताळणाऱ्या माणसाची कायमची जागा मात्र नगरपरिषदेच्या आकृतिबंधात मंजूर करून घ्यावी लागते, आणि वाहनाच्या मागणीचा ठराव होतो त्याच सभेत या जागेचा ठरावही झाला पाहिजे.